खोल बाजूला वाजलेल्या टाळ्या

ढकललं एकाने, पण ताईच्या डोक्यात तिडीक गेली ती टाळ्या वाजवणाऱ्यांमुळे. ढकलणारा निदान एकटा होता. टाळ्या वाजवायला मात्र अख्खा कठडा भरून आईबाप उभे होते, आणि त्यांतल्या एकाच्याही तोंडून ‘अहो, हे काय करताय’ एवढंसुद्धा निघालं नाही.

तलावावर तिला सगळे ताईच म्हणत. मुलं म्हणत, त्यांचे आईबाप म्हणत आणि तिच्याहून वयाने बराच मोठा असलेला पंपवालाही म्हणे. लहान तलाव तिच्याकडे होता. मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत येणारं पाणी, किती वेळा दुरुस्त केला तरी ठिबकणारा नळ, भिंतीशी रचलेले तरंगते फळे आणि त्या फळ्यांच्या कडांवर मुलांच्या दातांचे ठसे. तिथे ती चिल्ल्यापिल्ल्यांची पाण्याशी ओळख करून देई. जाळीच्या पलीकडचा मोठा तलाव वस्तादांचा. वस्ताद म्हणजे क्लबचं भूषण. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी चषकांनी कपाट भरून टाकलं होतं, आणि त्या कपाटात ताईचेही चषक होते. तिला पोहायला वस्तादांनीच शिकवलं होतं.

यंदाच्या तुकडीत टकळी आली. नाव काहीतरी वेगळंच होतं, पण पहिल्या दिवसापासून तोंड एवढं चालू की पंपवाल्याने तिचं टकळी करून टाकलं, आणि तिलाही ते आवडलं. वय सात. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई कापडाच्या दुकानात कामाला. टकळीला पाण्याची भीती नव्हती. तिची तक्रार वेगळी होती.

“डोकं आत गेलं की सगळे आवाज बंद होतात,” ती म्हणाली. “मग मला कळत नाही तुम्ही अजून आहात का.”

मुलं सहसा ‘भीती वाटते’ म्हणून मोकळी होतात. ही कारण सांगत होती. ताईने ते कारण मनावर घेतलं. आधी हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत, मग बुडबुडे, असं रोज थोडं थोडं चालू झालं. डोकं आत असताना ताई तिच्या खांद्यावर बोटांनी ताल धरायची, म्हणजे ‘मी आहे’. मग पाठीवर तरंगणं आलं. पाठीखाली ताईचा तळवा असायचा.

“मी सांगितल्याशिवाय हात काढायचा नाही,” टकळीने बजावलं.

“नाही काढणार.”

“मी विसरले सांगायला, तरी नाही.”

“तरी नाही.”

इतर मुलं फळा धरून पाय मारायला लागली तरी ताईचा तळवा तिथेच होता. मग एका सकाळी वरच्या पत्र्याकडे बघत, घरातल्या मांजराच्या गोष्टी सांगता सांगता मध्येच टकळी म्हणाली, “काढा.” ताईने काढला. पोर तरंगत राहिली आणि मांजराची गोष्ट पुढे चालू. ताई हात पाण्याबाहेर धरून उभी राहिली. कपाटातला एकही चषक हातात घेताना तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुकडीच्या शेवटी आईबापांना बोलावून मुलं काय शिकली ते दाखवायचा क्लबचा रिवाज होता. काय दाखवायचं ते ताई मुलांनाच ठरवू देई. टकळी पाठीवर तरंगणार होती आणि ही बातमी तिने शाळेत, दुकानात आणि जिन्यात भेटेल त्याला सांगून ठेवली होती.

त्या दिवशी आईबाप दाटीवाटीने उभे होते. लहान तलावात मुलं बुडबुडे काढत होती आणि वर मोठी माणसं घड्याळ बघत होती. कोणीतरी म्हणालं, “एवढे दिवस हेच शिकवलं का?” वस्तादांच्या कानावर ते गेलं. आपल्या तलावाची शान जाते आहे असं त्यांना वाटलं असावं. ते जाळीचं दार उघडून आत आले, आपली पाळी कधी येते म्हणून काठावर उड्या मारत असलेल्या टकळीचा हात धरला आणि म्हणाले, “चल, तुला मोठा तलाव दाखवतो.” ती खुशाल गेली. वस्तादांबरोबर कोणीही खुशाल जाई.

ताईच्या हातावर तेव्हा दुसरं मूल पाठीवर पसरलेलं होतं. त्याला सोडता येईना. मान वळवून तिने पाहिलं, तर वस्ताद टकळीला घेऊन खोल बाजूच्या कडेला उभे. “आता बघा,” ते मोठ्याने म्हणाले, “पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.” आणि पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला ढकललं.

ती खाली गेली. वर आली, पुन्हा खाली गेली. नाकातोंडात पाणी, हात कुठे, पाय कुठे. वस्ताद लांब बांबू घेऊन कडेला तयार होते, पण तो त्यांनी पुढे केला नाही. धडपडत, गटांगळ्या खात पोर कशीबशी काठाला पोचली आणि तिची बोटं फरशीवर आवळली. मग टाळ्या वाजल्या. टकळीचे वडील सगळ्यांत पुढे, मोबाईल दोन्ही हातांनी धरून, हसत. “पोहली! माझी पोरगी पोहली.”

वस्तादांनी तिला वर उचलून सगळ्यांना दाखवलं. ती रडली नाही. लोकांनी त्याला शौर्य म्हटलं. ताई धावत पोचली तोवर तिच्या अंगावर टॉवेल आला होता.

“टकळे, बरी आहेस ना?”

टकळीने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिने ताईच्या हातांकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

घरी पोचेपर्यंत मोबाईलवरचं ते चित्रण ताईच्या आधीच घरात शिरलं होतं. ताईची आई निवृत्त परिचारिका. ती चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकाशी धरून बसली होती.

“तुझ्या तलावाचं आहे ना हे? मावशीने पाठवलं. काय धीट पोर आहे गं.”

“धीट नाही. तिला ढकललं.”

“ते दिसतंय. पण वस्ताद आहेत तिथे. तुलाही असंच ढकललं होतं त्यांनी. मी होते की समोर. शिकलीस ना?”

“शिकले.”

“मग? त्यांनीच घडवलं तुला.”

“हो, आणि माझा खांदाही त्यांनीच घडवला. थंडीत आजही वर होत नाही.” ताईने पिशवी खुर्चीवर आदळली. “तू समोर होतीस ना? मग सांग, मी वर आल्यावर कोणाकडे पाहिलं?”

आई म्हणाली, “वस्तादांकडे असेल.”

“तुझ्याकडे. आणि तू टाळ्या वाजवत होतीस.”

आईने मोबाईल उलटा ठेवला. जेवणानंतर ताटं उचलताना आई एवढंच म्हणाली, “सगळेच वाजवत होते गं.” ताईला त्याचा आणखीनच राग आला, कारण ते खरं होतं.

पुढची तुकडी सुरू झाली तेव्हा लिफ्टवाला बाप टकळीला घेऊन आला. कपडे बदलायच्या खोलीच्या चौकटीला ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. वडील समजावत होते, मग चिडत होते. “अगं, आता तर येतं तुला पोहता. सगळ्यांनी पाहिलंय.” त्या चालत्या बोलत्या आकाशवाणीच्या तोंडून एक शब्द नाही. बापाने बोटं एकेक करून सोडवायला घेतली, तशी ताई मध्ये गेली.

“राहू दे. घरी घेऊन जा तिला.”

बाहेर तिची आई उभी होती. तिने ताईला बाजूला घेतलं. “केस धुवू देत नाही हो. डोक्यावर पाणी घेतलं की किंचाळते. रात्री उठून आम्ही दोघं आहोत का ते बघून जाते. हे म्हणतात, नाटकं आहेत.”

ताई तडक वस्तादांच्या खोलीत गेली. वस्ताद शिट्टीची दोरी बदलत बसले होते. वाईट माणूस नव्हता तो. ज्या पोरांकडे पोहायचा चष्मा नसे त्यांना आपल्या खिशातून चष्मे देणारा, पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन पाण्यातला पाचोळा काढणारा. त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं ताईला जड जात आलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर, म्हणतात ना.

“ती पोर आता न्हायलाही घाबरते, वस्ताद.”

“जाईल भीती. दुसऱ्यांदा टाकली की जाते.”

“मी तिला शब्द दिला होता, तिने सांगितल्याशिवाय हात काढणार नाही म्हणून.”

“तो तू दिलास. मी कुठे दिला होता?” ते हसले. “आणि मी बांबू घेऊन उभा होतो. बुडू दिलं असतं का?”

“नसतं. ते तुम्हाला माहीत होतं. तिला कुठे माहीत होतं?”

वस्तादांनी दोरीची गाठ मारली. “तूही अशीच घाबरत होतीस. आज शिकवतेस ती कोणाच्या जिवावर?”

“माझ्याबरोबर त्या दिवशी आणखी मुलं ढकललीत. ती कुठे आहेत?” ताईचा आवाज चढला. “आम्ही जे टिकलो त्यांचे चषक कपाटात आहेत. जे परत आलेच नाहीत त्यांचं कपाट कुठे आहे? तुम्ही त्यांना मोजतच नाही.”

“तू मला शिकवणार आता?” वस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि लागल्यासारखं जास्त होतं. ताई उत्तर न देता बाहेर पडली, कारण उत्तर ‘हो’ होतं.

दोन दिवसांनी क्लबच्या अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखान्यातच त्यांनी तिला बसवलं, दात तपासायच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. चित्रण गावभर फिरलं होतं आणि प्रवेशासाठी रीघ लागली होती. डॉक्टर खुशीत होते.

“आपण लहानांसाठी धाडस वर्ग काढतोय. वस्ताद मार्गदर्शन करतील, आखणी तुम्ही करा. लहान मुलांचं तुम्हाला छान कळतं.”

“कळतं म्हणूनच नाही करणार.”

“अहो ताई, थोडा धक्का लागतोच. मी मुलाचा दात काढताना त्याची परवानगी मागत बसलो तर दवाखाना बंद करावा लागेल.”

“पण दात काढायच्या आधी तुम्ही हिरडी बधिर करता ना? काय करणार ते सांगता ना? की खुर्चीत बसवून, आईबापांना गोळा करून, चिमटा घालून ओढता आणि टाळ्या घेता?”

डॉक्टरांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले. “क्लबच्या सभेत बोलू,” ते म्हणाले. “आणि जरा जपून. वस्तादांना मानणारे खूप आहेत.”

सभेच्या आधी लिफ्टवाला तलावावर आला, एकटाच. कामावरून थेट आला होता, खिशात पेचकस, बाहीला वंगण. “ताई, पोरगी परत कशी येईल ते सांगा. दुसऱ्यांदा टाकून बघू का? वस्ताद म्हणत होते.”

ताईच्या तोंडावर चार कडक शब्द आले होते. ते गिळून तिने विचारलं, “तुम्हाला पोहता येतं?”

“नाही.”

“मग उद्या सकाळी मोठ्यांच्या वर्गाला या, तो मीच घेते. आधी तुम्ही शिका.”

तो आला, हे त्याचं मोठेपण. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत दोराला लटकून काम करणारा माणूस, खांदे भरलेले, पण मोठ्या तलावाच्या उथळ बाजूला छातीभर पाण्यात उतरला आणि नळीच्या कठड्याला जो चिकटला तो सुटेना. ताईने त्याला पाठीवर घ्यायचा प्रयत्न केला. पाय वर आले, कानांत पाणी शिरलं आणि त्याने तिचं मनगट पकडलं.

“हात काढू नका. ताई, हात काढू नका.”

“नाही काढत.”

बाजूच्या पट्ट्यात पोहणारा एक दुकानदार थांबून हे बघत होता. तो हसून म्हणाला, “अहो, खोल बाजूला न्या आणि द्या ढकलून. लगेच येईल.” आणखी दोघंतिघं हसले.

लिफ्टवाल्याने पाय खाली टेकवले. त्याने दुकानदाराकडे पाहिलं, मग मोठ्या तलावाच्या लांबच्या टोकाकडे. शिडी चढून तो बाहेर गेला आणि बाकावर बसला. अंगातून पाणी निथळत होतं. ताई वर आली तेव्हा तो स्वतःशी बोलावं तसं बोलत होता.

“ती दुसऱ्यांदा खाली गेली ना, तेव्हा चित्र हलत होतं. मी मोबाईल सरळ धरत होतो. पोर खाली आणि मी मोबाईल सरळ धरतोय.”

ताईला त्याची कीव आली, पण समजूत काढावी असं वाटलं नाही. काही गोष्टी माणसाला टोचू द्याव्यात. ती म्हणाली, “उद्या परत या. आणि घरी तिला सांगा की तुम्ही घाबरलात.”

सभा क्लबच्या वरच्या खोलीत झाली. कपाटातल्या चषकांसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. ताई उभी राहिली ती इतके दिवस दाबून धरलेल्या संतापानेच.

“धाडस वर्गाची आखणी मागितली होती, ती ऐका,” ती म्हणाली. “मुलाने हो म्हटल्याशिवाय त्याला कोणी पाण्यात घालणार नाही. शिकवणारा पाण्यात असेल, मुलाच्या हाताच्या अंतरावर. काठावर बांबू घेऊन नाही. लोकांना दाखवायचं काय, ते मूल ठरवेल. कोणाला बुडबुडेच दाखवायचे असतील तर बुडबुडे बघायचे, आणि कंटाळा आला तर आईबापांनी घरी जायचं. माझी आखणी एवढीच. तुम्हाला हे धाडस वाटत नसेल, तर सातव्या वर्षी एखाद्या माणसावर विश्वास टाकून कानात पाणी जाऊ देऊन बघा.”

“असे चॅम्पियन तयार होत नाहीत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“होऊ नयेत मग. आधी ती पोरं तर राहू देत.”

वस्ताद उठले. आपण आयुष्य या पाण्यात घातलं, एकही मूल आपल्या हातून बुडालं नाही, असं म्हणाले. ते खरंच होतं आणि लोकांनी माना डोलावल्या. मग लिफ्टवाला उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती.

“ते चित्रण क्लबने सगळीकडे लावलंय. ते काढा.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, त्यात तुमच्या मुलीचं कौतुकच आहे. क्लबलाही चांगलं आहे.”

“ती माझी मुलगी आहे. तुमची जाहिरात नाही. मीच काढलं होतं ते, चूक माझी आहे. पण आता काढा.”

चित्रण काढायचं ठरलं. धाडस वर्ग ‘तूर्त’ बाजूला ठेवायचा ठरला. जाळीच्या आत, लहान तलावावर, ताईला विचारल्याशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही, हेही मान्य झालं, थोडी कुरकुर होऊन. आणि लगेच, त्याच दमात, वस्तादांच्या दीर्घ सेवेबद्दल त्यांचे आभार मानण्याचा ठराव आला. पुन्हा टाळ्या. ताईने हात मांडीवर घट्ट दाबून धरले. घरी हे ऐकल्यावर तिची आई म्हणाली, “निदान तेवढ्या वाजवायच्यास, बरं दिसलं असतं.” ताई म्हणाली, “तुम्ही वाजवल्यात तेवढ्या पुरेत.”

राजीनामा देऊन टाकावा, असं तिच्या मनात त्या आठवड्यात रोज आलं. पण तिने सोडलं असतं तर जाळीचं दार सताड उघडं पडलं असतं. ती राहिली. वस्ताद तिच्याशी बोलेनासे झाले. पोरं मात्र दोघांकडेही जात राहिली.

लिफ्टवाला दररोज सकाळी येत राहिला. महिनाभरात तो तरंगायला लागला, दोन महिन्यांनी रुंदीभर पोहायला लागला. टकळी आली नाही. तिला आता न्हाताना बाप शेजारी बसतो, गाणी म्हणतो, तेव्हा केस धुता येतात, असं त्याने सांगितलं. तिने स्वतःहून टेबल टेनिस निवडलं होतं आणि तिथे तिचं चांगलं जमत होतं.

एकदा भाजी घेताना दोघं बापलेक ताईला भेटले. टकळी टेबल टेनिसबद्दल बोलत सुटली, चेंडू कसा फिरवायचा, तिथल्या बाई कशा हसतात, कोण सारखा हरतो आणि तरी येतो. ताई हातातली पिशवी विसरून ऐकत राहिली. मग टकळी मध्येच थांबली.

“वस्ताद अजून आहेत तलावावर?”

“आहेत.”

“मग मी नाही येणार.”

“नको येऊस,” ताई म्हणाली.

बापाला वाटलं होतं ती समजूत घालेल, लहान तलावावर आता वस्ताद येत नाहीत म्हणून सांगेल. ताईने तसं काही केलं नाही. सात वर्षांच्या मुलीने विचार करून दिलेलं उत्तर होतं ते, आणि ते बरोबर होतं. टकळीने मान हलवली आणि पुन्हा चेंडूवर आली. ताई भाजी न घेताच तलावाकडे वळली. दुपारची तुकडी यायची होती. चालताना तिचे कान तापले होते. वरच्या पत्र्याकडे बघत मांजराच्या गोष्टी सांगत तरंगणारी पोर होती ती, आणि तिचं ते पाणी मोठ्या माणसांनी एका दुपारच्या करमणुकीसाठी तिच्याकडून काढून घेतलं होतं. ते तिला कोणी परत देणार नव्हतं, आणि ज्यांनी घेतलं त्यांतल्या बहुतेकांना आपण काही घेतलं आहे, हेही ठाऊक नव्हतं.